नाशिकच्या पांडवलेणीला एकटा पहिल्यांदा जातोयस, तर एवढंच कर

एकटं जायचं ठरवलंस, उत्तम केलंस. पहिली चूक सगळेच करतात: चोवीसच्या चोवीस लेणी तासाभरात 'उरकायची' आणि लगेच त्र्यंबकला पळायचं. तसं करू नकोस. तीनच निवड.

- लेणे क्र. ३ : इथे जास्तीत जास्त वेळ दे. व्हरांडा खांद्यावर पेलणारे सहा यक्ष आधी बघ, मग भिंतीवरचा ब्राह्मी या जुन्या लिपीतला लेख. गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कर्तृत्व त्यात कोरून ठेवलंय. एका आईचे शब्द आहेत ते. मला आजही तिथून पाय निघत नाही.
- क्र. १० : क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख.
- क्र. १८ : चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. स्तूपासमोर दहा मिनिटं गप्प उभा राहा, फोन खिशात.

सकाळी लवकर चढ, पाणी सोबत घे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, चप्पल नको, बूट घाल. घरी सांगून निघ. कोरीवकामाला हात लावू नकोस.

लिपी, शैली, कालखंड आत्ता राहू दे. डोकं भरून गेलास तर स्वतःशी बोलायला जागाच उरत नाही. परत आलास की कुठल्या लेण्यात रेंगाळलास ते नक्की कळव, पुढचं तिथूनच बोलू.