गाडी कमी चालते, मग ऑइल का बदलायचं?

प्रश्न : आमची २०२१ची पेट्रोल हॅचबॅक आहे. हे निवृत्त झाल्यापासून गाडी वर्षाला जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर चालते. अन्नपूर्णा मंदिर, भाजी, बँक, कधीमधी राजवाडा. मॅन्युअलमध्ये ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलंय आणि ऑइल ०डब्ल्यू-२० सांगितलंय. शेजारचे म्हणतात, दहा हजार होईपर्यंत हात लावू नका. गॅरेजवाला म्हणतो, दर पाच हजाराला बदला, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन गार राहतं. पुण्याचा मुलगा म्हणतो, सिंथेटिक ऑइल वीस हजार आरामात जातं. दादा, कोणाचं ऐकू?
एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : ताई, मॅन्युअलचं ऐका, आणि ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. ‘जे आधी होईल ते’ एवढं लोक हमखास गाळतात, आणि तुमच्या गाडीचा सगळा हिशोब तिथेच आहे. तुमचे दहा हजार किलोमीटर व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागतील. तेवढा काळ तेच ऑइल इंजिनात ठेवायचं नाही. दरवर्षी बदलायचं, मग आकडा साडेतीन हजार असो की दोन हजार.

शेजाऱ्यांना वाटतं की गाडी उभी असते तेव्हा ऑइल आराम करतं. खरं तर तुमच्यासारख्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्याच त्याला सगळ्यात जास्त छळतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी नळीच्या तोंडाशी थेंब दिसतात ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. गाडी गार असताना इंजेक्टर पेट्रोलही जास्त सोडतो. त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालीच येतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि गार इंजिनात इथेनॉलची वाफ सहजी होत नाही, म्हणून हे आणखी जपायला हवं.

इंजिन नीट तापलं, ऑइल ९०-१०० अंशांवर काही वेळ राहिलं, की हे पाणी-पेट्रोल पुन्हा वाफ होऊन निघून जातं. अडचण अशी की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा दाखवतो कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. काटा मधोमध आला म्हणून ऑइल तापलं असं समजू नका. राजेंद्र नगरातून निघून अन्नपूर्णा येईपर्यंत ते कोमटच असतं, तुम्ही गाडी बंद करता, आणि पाणी आतच राहतं. दुसऱ्या दिवशी त्यात भर. हळूहळू आम्ल तयार होतं, ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं संपत जातात आणि पुढे गाळ धरतो.

हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. जानेवारीत, आठवडाभर अशा छोट्या फेऱ्या झाल्या की गार इंजिनावर ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा आणि उलटं करून बघा. आतल्या बाजूला फेटलेल्या कॉफीसारखा पिवळट-पांढरा थर दिसला, तर ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. घाबरू नका, थंडीत थोडा थर बऱ्याच गाड्यांत येतो. लांबची फेरी झाल्यावरही तो गेला नाही, किंवा डिपस्टिकवरही (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) तसाच फेस दिसला आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये येऊ न देणारं इंजिनातलं सील) तपासून घ्या.

म्हणून माझा सल्ला असा. दर पंधरवड्याला गाडी एबी रोडला काढा, राऊ ओलांडून महूपर्यंत जा आणि परत या. मध्ये बंद करू नका, रमतगमत पण सलग चालवा. हे जमत असेल तर वर्षातून एकदा ऑइल बदललेलं पुरेल. जमत नसेल तर सहा महिन्यांनी बदला. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, धूळ, सिग्नलवर तासन्‌तास चालू इंजिन अशा वापरासाठी त्यात मुदत निम्म्यावर आणलेली असते. तो तक्ता फार थोडे लोक उघडतात. आणि वर्षाला एकदाच बदलणार असाल तर फेब्रुवारीच्या शेवटी बदला. थंडीत साठलेलं सगळं जुन्या ऑइलबरोबर निघून जाईल आणि उन्हाळा स्वच्छ ऑइलवर सुरू होईल.

गॅरेजवाल्याचं ‘दर पाच हजाराला’ हे कार्ब्युरेटरच्या काळातून आलेलं आहे. तेव्हा चोक ओढला की पेट्रोल ऑइलमध्ये धो-धो उतरायचं, इंधनात गंधक जास्त असायचं, ऑइलही साधं मिनरल. आता इंजेक्टर मोजून पेट्रोल देतो, बीएस-६ इंधनात गंधक फार तर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा) असतं, ऑइलही सुधारलंय. रोज पिथमपूरला हायवेने जाणाऱ्या माणसाने दर पाच हजाराला ऑइल बदलणं म्हणजे चांगलं ऑइल फेकणं. त्याची गाडी दहा हजार खुशाल करेल.

२०डब्ल्यू-५० ला मात्र ठामपणे नाही म्हणा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा ऑइल गार असताना किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावर ते किती घट्ट राहतं ते. बाहेर ४३ अंश असोत की १०, थर्मोस्टॅटमुळे तापलेल्या इंजिनाचं तापमान जवळपास तेच राहतं. इंदूरच्या उन्हाळ्याने इंजिनाच्या आतला उन्हाळा फारसा बदलत नाही. नव्या इंजिनांत ऑइलच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. जाड ऑइल सकाळी वर पोचायला उशीर करतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती त्याच पहिल्या क्षणांत. शिवाय अ‍ॅव्हरेज घटतं. मॅन्युअलच्या तक्त्यात दुसरा ग्रेड चालेल असं लिहिलं असेल तर तो घाला, त्यापलीकडे जाऊ नका.

मुलाला सांगा, वीस-तीस हजारांची मुदत युरोपातल्या काही गाड्यांना आहे, तीही त्या कंपनीने मान्य केलेल्या खास ऑइलवर. डब्यावर नुसतं ‘सिंथेटिक’ लिहिल्याने ती मुदत आपल्या गाडीला लागू होत नाही.

आता गॅरेजमध्ये काय बघायचं. ताई, जमेल तेव्हा स्वतः उभ्या राहा, चांगला मेकॅनिक याचा राग धरत नाही. डबा सीलबंद असावा आणि तुमच्यासमोर उघडावा. इंजिन थोडं गरम असताना जुनं ऑइल काढलं तर गाळ सोबत निघतो. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. खालच्या ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. काही रुपयांची वस्तू, पण जुनाच बसवला तर महिन्याभरात फरशीवर डाग दिसायला लागतात. भरून झाल्यावर इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, सपाट जागेवर थोडं थांबा, मग डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावी, वर मुळीच नको. जास्त भरलं तर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) ते घुसळतो आणि फेस होतो, फेसाने वंगण होत नाही. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहून घ्या. इंजिन फ्लशचा, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुण्याचा आग्रह झाला तर वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला त्याची गरज नाही, एवढं सांगून मोकळ्या व्हा.

आणि एअर फिल्टर विसरू नका. मेट्रोच्या कामाची धूळ आणि मार्च-एप्रिलमध्ये उडणारी माळव्याची काळी माती, दोन्ही बारीक असतात. फिल्टर नीट बसलेला नसेल तर ती आत जाऊन ऑइलमध्ये उतरते, आणि मग किती का महाग ऑइल घाला, रिंगा घासल्या जाणारच.

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, विजय नगर-पलासिया एवढाच वापर. कोणीही टॉप-अप केलेलं नसताना डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर आलंय. ऑइल वाढतं कसं?
एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : भाऊ, वाढलंय ते डिझेल. तुमच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ आहे. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून त्याला ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. शहरात हे काम अर्धवट असतानाच तुम्ही गाडी बंद करता. ते पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं, आणि दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरमधून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली म्हणजे ऑइल पातळ झालंय. किलोमीटर किती झाले ते बघू नका, या आठवड्यात बदला. त्यानंतर डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सलग हायवेवर चालवा. देवासपर्यंतची एक फेरी सहसा पुरते. ऑइल मात्र मॅन्युअलमधलंच, कमी राखेचं घ्या. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. आणि डीपीएफ बदलायचा खर्च कितीतरी वेळा केलेल्या ऑइल चेंजपेक्षा जास्त येतो.

प्रश्न : माझी सीएनजी टॅक्सी रोज इंदूर-उज्जैन चालते. दहा हजारानंतरही ऑइल मधासारखं स्वच्छ दिसतं. अजून चालवू का?
एक वाचक, सांवेर रोड

उत्तर : नाही. सीएनजीत काजळी जवळजवळ नसते, म्हणून रंग टिकतो. पण ऑइल उष्णतेने आणि ज्वलनातल्या नायट्रोजनच्या वायूंनी आतून घट्ट होत जातं, ते डोळ्यांना दिसत नाही. उलट पेट्रोल-डिझेल गाडीत ऑइल लवकर काळं पडलं तर बहुतेक वेळा ते धुण्याचं आपलं काम करत असतं. रंगावरून ठरवू नका. कंपनीची मुदत पाळा, आणि टॅक्सीसाठी वेगळा तक्ता दिला असेल तर तोच धरा.