सायकलची टूल्स विमानात हातातल्या बॅगेतून नेता येतात का?

मुंबईहून निघणार असाल तर नाही. मल्टिटूल, ॲलन की, पाना, पकड, चेन ब्रेकर (चेनची कडी उघडायचं टूल) यांतलं काहीही हातातल्या बॅगेत ठेवू नका, कितीही लहान असलं तरी.

तुम्ही लिहिलंय की 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची, म्हणजे फ्रान्समधल्या 1200 किलोमीटरच्या पीबीपी या सायकल राइडची, तयारी चालू आहे, विमान मुंबईहून आहे, वाटेत एक थांबा आहे. सायकलची बॅग मागे राहिली तर निदान टूल्स तरी जवळ असावीत म्हणून मल्टिटूल आणि पंप सॅकमध्ये ठेवायचा विचार आहे. आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो की सात इंचांपर्यंत चालतं.

भाऊ बरोबर सांगतोय, पण तिथलं. अमेरिकेत 7 इंच, म्हणजे साधारण 18 सेंटिमीटरपर्यंतचे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर केबिनमध्ये नेता येतात. मल्टिटूलला सुरीचं पातं असेल तर मात्र ते तिथेही अडतं. युरोपीय संघात मोजमाप वेगळं आहे. स्क्रू ड्रायव्हरसारख्या टूलचं पातं किंवा दांडा 6 सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर ते केबिनमध्ये चालत नाही. नियम लागतो तो तुम्ही जिथून विमानात चढता तिथला. आपल्याकडे बीसीएएसच्या, म्हणजे विमान सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी विभागाच्या, यादीत पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर ही सगळी अवजारं केबिनसाठी बंद आहेत. एक्स-रेवर बसलेला सीआयएसएफचा जवान तुमची ॲलन की पट्टीने मोजत बसणार नाही, आणि तिथे त्याचा शब्द शेवटचा असतो. वाटेतल्या थांब्यावर बहुतेक वेळा पुन्हा तपासणी होते, तिथे तिसराच कायदा. एका प्रवासात तीन नियम सांभाळण्यापेक्षा सगळ्यांत कडक जो असेल तो धरून चाला.

हे मी टूल गमावून शिकलोय. आम्ही चौघं पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने गेलो होतो, परतीचं विमान होतं. हॉटेलच्या खोलीत पहाटे सायकली बॅगेत भरल्या. सगळ्यांत शेवटी पेडल काढली, बॅगेची चेन ओढली आणि हातातलं मल्टिटूल कमरेच्या पाऊचमध्ये टाकलं. तपासणीला पाऊच ट्रेमध्ये गेलं, ट्रे पट्ट्यावरून पुढे येता येता थांबला, उलटा मागे गेला, पुन्हा आत गेला. जवानाने पाऊच उघडून मल्टिटूल तळहातावर घेतलं आणि एकेक की बाहेर काढून पाहिली. चेन ब्रेकरशी थांबून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, परत काउंटरला जाऊन सामानात टाका, नाहीतर इथे ठेवा. सायकलची बॅग केव्हाच आत गेली होती, बोर्डिंग सुरू झालं होतं. मी ते ट्रेमध्ये ठेवलं आणि निघालो. त्याच टूलने चार रात्री आधी, चित्रदुर्गच्या अलीकडे, हायवेच्या कडेला हेडलॅम्पच्या उजेडात मित्राची तुटलेली चेन जोडली होती. किंमत फार नव्हती, तरी अजून हळहळ वाटते. त्या जवानाची काहीच चूक नव्हती.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येतो. बॅग मागे राहिली तर काय? जरा थांबून विचार करा. बॅग आली नाही म्हणजे सायकलच आली नाही. मग सॅकमधलं मल्टिटूल कशावर चालवणार? टूल्सची जागा सायकलच्या शेजारीच. ती आली की तीही येतात, नाही आली तर त्यांची गरजही नाही. तरीही एखादी की हरवलीच, तर फ्रान्समध्ये डेकॅथलॉन गावोगावी आहे, तिथलंच दुकान ते. मल्टिटूल आणि पंप तासाभरात मिळतो. शिवाय पीबीपीच्या बऱ्याच कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यांवर, मेकॅनिक असतात.

न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हातातल्या बॅगेतली जागा त्यांची. तुमच्या पायाला बसलेले, क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळव्याची पट्टी) जागेवर असलेले बूट. त्यांना जुळणारी पेडल. हेल्मेट. सवयीच्या दोन शॉर्ट. हे जवळ असेल तर उद्या भाड्याच्या सायकलवरसुद्धा रांबुइयेला स्टार्टलाइनवर उभं राहता येतं. 90 तासांत 1200 किलोमीटर अनोळखी बुटांत करता येत नाहीत. पेडल माझी दोनदा केबिनमधून गेली आहेत. एकदा बाहेर काढून दाखवावी लागली, म्हणून ती बुटांमध्ये कोंबून ठेवू नका. वरच, दिसतील अशी ठेवा. जादा ट्यूब आणि प्लॅस्टिकचे टायर लिव्हरही माझ्या अनुभवात कुणी अडवलेले नाहीत. मिनीपंप मात्र एक्स-रेवर नळीसारखा दिसतो आणि चौकशी ओढवून घेतो. सुटी चेन आणि सीटपोस्टचंही तेच. हे तिन्ही सायकलच्या बॅगेत.

बॅटऱ्यांचं याच्या बरोब्बर उलट आहे आणि घोटाळा नेमका इथे होतो. पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालतच नाहीत, त्या हातातच हव्यात. मर्यादा 100 वॉट-अवरची. हिशोब सोपा आहे: 20,000 एमएएचची पॉवरबँक गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 74 वॉट-अवर, चालते. 30,000 ची 111 होते, तिला आधी विमान कंपनीला विचारावं लागतं. लाइटचे सुटे सेल असतील तर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा किंवा टोकांना चिकटपट्टी लावा, नाण्यांबरोबर पिशवीत सुटे टाकू नका. रात्रभर चालवायची म्हणजे लाइट जोडीने लागतात, तेव्हा पॅक करताना लाइटची सगळी पिशवीच उचलून सॅकमध्ये ठेवा.

आणि काही वस्तू कुठेच नकोत. पंक्चर काढायचं सोल्युशन ज्वलनशील असतं, ते ना हातात चालतं ना सामानात. पंक्चर किट विकत घेतलं की ती ट्यूब आत असतेच आणि आपल्या लक्षातही येत नाही. किट उघडा, सोल्युशन काढून घरी ठेवा आणि त्याऐवजी बिनसोल्युशनचे, स्टिकरसारखे चिकटणारे पॅच घ्या. चेनवर मारायचे स्प्रे घरीच. टायरमध्ये झटपट हवा भरायच्या सीओटूच्या कार्ट्रिजबद्दल सायकलवाल्यांत कायम वाद चालतो. आंतरराष्ट्रीय नियमांत 50 मिलिलिटरपर्यंतची लहान कार्ट्रिज, माणशी चारपर्यंत, नेण्याची तरतूद आहे, पण विमान कंपनीने आधी परवानगी दिली तरच. लेखी ईमेल हातात नसेल तर नेऊ नका. सामानाच्या एक्स-रेत ती दिसली की तुम्हाला गेटवरून बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि नीट बांधलेली सायकल घाईत पुन्हा भरणं म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकवण्याची हमी. मी ती तिकडे उतरल्यावर घेतो.

टायरमधली हवा काढायला काउंटरवर सांगतील, काढा, वाद घालू नका. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, साधारण 8000 फुटांवरच्या हवेइतका. त्यामुळे टायरमधला दाब जेमतेम 4 पीएसआयने वाढतो आणि टायर फुटायचं कारण नाही. पण त्या वेळी काउंटरवरच्या मुलीला हे समजावून सांगण्यात अर्थ नाही. रिमला आधार राहील इतकी थोडी हवा ठेवून बाकीची सोडा.

टूल्सचं एकच छोटं पाकीट करा. त्यात 4, 5, 6 आणि 8 मिलिमीटरची ॲलन की, डिस्क ब्रेक असेल तर टी-25 ची चांदणीच्या टोकाची की, चेन ब्रेकर. तुमच्या पेडलला 15 चा पाना लागत असेल तर तो. पेडल घरीच एकदा ढिली करून, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवा, म्हणजे परतीला हॉटेलच्या खोलीत मल्टिटूलच्या आखूड कीनेही निघतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पहाटे चार वाजता हे हमखास विसरायला होतं. ते पाकीट जाड कापडात गुंडाळून फ्रेमच्या त्रिकोणात वेल्क्रोने बांधा. सुटं ठेवलंत तर प्रवासभर रंगावर आपटत राहील.

एक शब्दाची गोष्ट. आपले सायकल दुरुस्तीवाले अवजारांना सवयीने ‘हत्यारं’ म्हणतात, आपल्याही तोंडात तेच बसलेलं असतं. काउंटरवर किंवा तपासणीला बॅगेत काय आहे असं विचारलं तर ‘सायकलचे पाने आहेत’ असं सांगा.

निघायच्या आदल्या रात्री सॅडल बॅग, हँडलबार बॅग आणि जर्सीचे मागचे तिन्ही खिसे पलंगावर टॉवेल अंथरून त्यावर उलटे करा. बीआरएमनंतर (लांब पल्ल्याच्या, वेळेच्या मर्यादेतल्या राइडनंतर) तिथे काय काय राहिलेलं असतं याची कल्पना येत नाही, मला एकदा तुटलेल्या चेनचे दोन दुवे आणि एक छोटी सुरी मिळाली होती. आणि शेवटची की, जिने शेवटचं पेडल काढता, ती तुमच्या हातातच राहणार आहे, कारण तोवर बाकी सगळं भरून झालेलं असतं. मी आता टूल्सच्या रिकाम्या पाकिटाला एक लाल नाडी बांधून तिचं टोक सायकलच्या बॅगेबाहेर सोडतो. नाडी बाहेर लोंबत असेल तर बॅगेची चेन पूर्ण बंद होत नाही. पाकिटात सहाही टूल्स मोजून झाली की नाडी आत ढकलतो, मग चेन ओढतो.