बीट रोज खाल्लं, हिमोग्लोबिन हललं नाही

“मॅडम, आठ महिने झाले. रोज बीट, रोज डाळिंब, वर लोहाची गोळी. हिमोग्लोबिन 9.2 होतं, आता 9.6. काहीही खा, माझ्या अंगीच लागत नाही.”

कोपरखैरण्याच्या एका छत्तिशीतल्या ताईंची ही तक्रार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नोकरी ठाण्यात, घरी सासूबाई आणि दोन मुलं. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी लोकलमध्ये उभं राहवत नाही, केस मूठमूठ जातात. बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली, ती त्यांनी हसून सांगितली: तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकल्याशिवाय राहवत नाही. ही हसण्यावारी न्यायची सवय नव्हे. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ खावासा वाटणं ही लोह कमी पडल्याची जुनी खूण आहे.

आधी बिटाचा हिशेब करू. 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमहूनही कमी, डाळिंबात त्याहून कमी. भारतातल्या प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅम आहे. म्हणजे अर्ध्या बिटाने अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, एवढाच त्यामागचा तर्क. बीट वाईट नाही, पण आठ महिने चुकीच्या माणसाच्या भरवशावर काढले असं झालं.

मग त्यांच्याकडून तीन दिवसांची नोंद लिहून घेतली. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता आणि कशाबरोबर, यावर भर. सकाळी उठल्याबरोबर पित्ताची गोळी, पाठोपाठ चहा. निघताना तांदळाची भाकरी आणि चहा. अकराला ऑफिसात चहा. दीडला डबा: पोळी, भाजी, कधी मटकीची उसळ. डबा संपतो न संपतो तोच समोर कटिंग. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री भात, आमटी, जमेल तेव्हा मासे. सोमवार, गुरुवार, शनिवार मासे बंद. आणि जेवण झालं की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात, कारण “वेगवेगळ्या वेळी घ्यायचं म्हटलं की विसरायला होतं.” दोन्ही पत्त्या एकाच रबरबँडमध्ये बांधून ठेवलेल्या.

“अंगी लागत नाही” याचं उत्तर त्या रबरबँडमध्येच होतं. आतड्यात कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं, त्यामुळे दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तास हवेत. चहातलं टॅनिन वनस्पतीतल्या लोहाला धरून बसतं. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर डाळी-धान्यातून मिळणारं लोह निम्म्याहून कमी शोषलं जातं. पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं, आणि लोह विरघळायला तेच आम्ल लागतं. ती गोळी दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली होती. पुढे दुकानातून येत राहिली. अशी लांबलेली गोळी स्वतःहून तोडू नये. एकदम बंद केली की पित्त उसळतं आणि माणूस पुन्हा तिच्याकडेच वळतो. ज्यांनी लिहिली त्या डॉक्टरांना विचारून ती महिन्याभरात कमी करत बंद झाली.

आत काय जातं हे झालं. बाहेर काय जातं हा प्रश्न बायका आपणहून काढत नाहीत, म्हणून आकड्यांत विचारावा लागतो: पाळी किती दिवस, पॅड किती तासांनी बदलावं लागतं, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का? ताईंचे आठ दिवस, पहिले दोन दिवस दर दोन तासांना पॅड. “आमच्या घरात सगळ्यांचं असंच आहे,” हे त्यांचं उत्तर. छिद्र असलेल्या हंड्यात कितीही पाणी ओता, काय उपयोग? स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) दिसला, उपचार सुरू झाले.

तपासण्यांचंही तसंच. फक्त हिमोग्लोबिन बघून गोळ्या सुरू होतात, इथेच पुष्कळदा चूक होते. सीबीसी या रक्ततपासणीतला एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) हा आकडा बघावा: 80 च्या खाली म्हणजे लाल पेशी लहान, बहुधा लोहाची कमतरता, 100 च्या वर गेला तर बी-12 किंवा फॉलिक अॅसिडचा संशय. लोह आणि बी-12 दोन्ही कमी असली तर एमसीव्ही मधेच राहतो आणि फसवतो. लोहाचा साठा कळतो फेरिटिन या तपासणीवरून. ताईंचं 7 होतं, 15 च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना मात्र फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा तपासू नये. आणि पेशी लहान, पण त्यांची संख्या भरपूर, फेरिटिनही नीट, असं चित्र दिसलं तर थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असण्याची शक्यता असते. सिंधी, कच्छी, पंजाबी, लोहाणा कुटुंबांमध्ये हे प्रमाण जास्त, आणि ठाणे-उल्हासनगर पट्ट्यात ते विसरून चालत नाही. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोह देऊन काही हाती लागत नाही. त्याची तपासणी वेगळी.

ताईंच्या दिनक्रमात पदार्थ फारसे बदलले नाहीत, वेळा बदलल्या. लोहाची गोळी संध्याकाळी सहाला, ऑफिसातून निघताना, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. चहा दोनच, आणि जेवणापासून किमान तासभर लांब. दुपारचा कटिंग तीनला गेला. तांदळाच्या भाकरीऐवजी आठवड्यातून चार दिवस बाजरीची, कारण 100 ग्रॅम बाजरीत लोह 6 मिलिग्रॅमच्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात 1 सुद्धा नाही. मटकी मोड आणूनच, कारण भिजवून मोड आणले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं. उसळ आणि आमटी लोखंडी कढईत, त्यातही चिंच-कोकमाची, आंबटाने कढईतलं लोह उतरतं. शिजलं की लगेच काढून ठेवायचं, नाहीतर काळं पडतं आणि मुलं तोंड वाकडं करतात. माशाच्या दिवशी मासे आणि भाजी एकाच ताटात, माशामुळे भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) लोह भरपूर, पण खाडीत सांडपाणी सुटतं त्या बाजूच्या नकोत.

सगळ्यात स्वस्त बदल लिंबाचा. पण दुसऱ्या आठवड्यात कळलं की त्या उसळ उकळत असतानाच लिंबू पिळत होत्या. क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. डब्यात फोड वेगळी न्यायची आणि खाताना पिळायची, नाहीतर अर्धा पेरू खायचा. पेरूत लिंबाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. थंडीत आवळा मिळाला तर प्रश्नच मिटला. सासूबाईंनी प्रेमाने केलेली अळिवाची दुधातली खीर मात्र अवघड ठरली. नाही म्हणवत नव्हतं, आणि दुधातलं कॅल्शियम आड येत होतं. तोडगा सासूबाईंनीच काढला: अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून लाडू.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. बद्धकोष्ठ झालं, शी काळी झाली, घाबरून दहा दिवस गोळी बंद. काळी शी लोहामुळेच होते, हे नव्या वेळा ठरवतानाच सांगायला हवं होतं; ती चूक सल्ला देणाऱ्याची. (डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर मात्र डॉक्टरकडे.) या त्रासासाठी डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली. रोज घेतल्यावर शरीर पुढच्या डोसचं शोषण स्वतःच आवळतं, त्यामुळे दिवसाआडची गोळी वाटते तेवढी कमी पडत नाही. हा बदल आपल्या मनाने करायचा नाही, एवढंच.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन 11.1, तीन महिन्यांनी 12.3. ताईंना वाटलं, झालं, आता गोळी बंद. पण फेरिटिन 22 वरच होतं. रक्तात आकडा आधी येतो, कोठार मागून भरतं, म्हणून गोळी आणखी तीन महिने चालू आहे. तांदूळ निवडताना आता दाणे तोंडात जात नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. बीट अजून आणतात, मुलीला कोशिंबीर आवडते म्हणून.