महालक्ष्म्यांना गावी येताना

प्रश्न : आम्ही दोघं साठीपुढचे, मुलगा बँकॉकला. त्याच्या शेजारचे निवृत्त इंग्रज बँकेत पैसे ठेवून वर्षभर राहतात. आम्हाला जमेल का? महालक्ष्म्यांना मात्र उदगीरला यावंच लागतं.

उत्तर : जमेल, ताई. वय ५० पूर्ण हवं, आणि अर्जदाराच्या एकट्याच्या नावे थाई बँकेत ८ लाख बाट. आधी नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा (निवृत्तांना तिथे राहण्यासाठी मिळतो तो) घ्या, मग वर्षाची मुदतवाढ. ही रक्कम अर्जाआधी २ महिने आणि मंजुरीनंतर ३ महिने तशीच राहू द्या. पुढेही ४ लाखांखाली नको. आजारपणासाठी वेगळे पैसे ठेवा, ते यातून काढू नका.

खरा घोटाळा होतो गावी येताना. री-एंट्री परमिट (परत येण्याची परवानगी) न काढता देश सोडला की मुदतवाढ तिथेच रद्द, सगळं पहिल्यापासून. एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००. महालक्ष्म्या आणि दिवाळी दोन्हींना येणार असाल तर एकेरीच दोनदा काढा, स्वस्त पडतं. दर ९० दिवसांनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवावा लागतो. परतल्यावर ही मोजणी नव्याने सुरू होते.

शेजाऱ्यांच्या खर्चाशी तुलना नको. ब्रिटनची सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्यांना दरवर्षी वाढत नाही, त्यामुळे त्यांचं गणितच वेगळं.