अडुळशाच्या पानातलं व्हॅसिसीन टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर घटक वेगळे करण्याची पद्धत) बघतोय, पण ठिपक्याला लांब शेपूट येते. काय करू? (नाशिक, बी. फार्म.)

शेपटीचं कारण बहुतेक सिलिकाच. ती किंचित आम्लधर्मी, व्हॅसिसीन अल्कलॉइड, म्हणजे आम्लारी. ते सिलिकाला चिकटत चिकटत वर जातं. म्हणून द्रावकात थोडा अमोनिया हवाच. इथिल अ‍ॅसिटेट, मिथेनॉल आणि अमोनिया ८ : २ : ०.२ या प्रमाणात घेऊन बघा. मिश्रण रोज ताजं करा, अमोनिया उडून जातो. चेंबरमध्ये फिल्टर पेपर उभा करून वाफ नीट भरू द्या, मगच प्लेट ठेवा.

दुसरी शक्यता, अर्क जास्त पडतोय. मिथेनॉलचा अर्क पातळ करा, केशनळीने बारीक ठिपका द्या, तो वाळला की त्यावरच पुन्हा.

आणि आत्ता पावसाळा असेल तर नाशिकची दमट हवा विसरू नका! सिलिका ओलावा शोषते, मग आरएफ (ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर) रोज वेगळा येतो. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवून घ्या.

शेवटी ड्रॅगनडॉर्फ (अल्कलॉइड ओळखायचं रसायन) फवारा. अल्कलॉइड नारिंगी दिसतील. पण बहुतेक सगळेच अल्कलॉइड नारिंगी दिसतात, त्यामुळे शेजारी प्रमाणित व्हॅसिसीनचा ठिपका नसेल तर ‘हे व्हॅसिसीनच’ असं प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कृपया लिहू नका. पुस्तकातला आरएफ जुळला एवढ्यावर तर मुळीच नको. व्हॅसिसीन नेमकं किती आहे हे हवं असेल तर एचपीटीएलसीसारखी (यंत्राने ठिपका मोजणारी, टीएलसीची सुधारित आवृत्ती) पद्धत वापरावी लागेल.