मोटर बसवलेल्या सायकलला स्वस्तात चांगला उजेड देणारा हेडलाइट कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साध्या सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॅटचं किट बसवलंय, रात्री कामावरून येताना किटसोबत आलेल्या दिव्यात रस्ता दिसत नाही, हजारभर रुपयांत प्रखर हेडलाइट सुचवा.

सुचवतो. पण आधी माझे पाण्यात गेलेले चौदाशे रुपये ऐका, म्हणजे तुमचे वाचतील.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कामाला. सेकंड शिफ्ट सुटली की सांगली रस्त्यानं चोकाकच्या बाजूला घरी जायचं. पहिला दिवा घेतला तो यूएसबीवर चार्ज होणारा, हँडलला रबरानं अडकवायचा, साडेसातशेचा. खोक्यावर छापलेलं '५००० लुमेन', म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचा आकडा. अंगणात लावला तर समोरच्या घराची भिंत पत्र्यासकट उजळली, पोरं खूश. रस्त्यावर मात्र तोच दिवा कडुनिंबाच्या शेंड्यांवर, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आणि माझ्या पुढच्या चाकापाशी प्रकाश सांडत होता. मधला रस्ता काळाकुट्ट. उसाचा सीझन होता. एक ट्रॉली पंक्चर होऊन डाव्या अंगाला उभी, चाकामागं दगड लावलेले, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मला ट्रॉली दिसलीच नाही. दिसली ती बाहेर लोंबणारी उसाची टोकं, ती पण छातीपासून दोन हातांवर आल्यावर. ब्रेक दाबून सायकल आडवी घातली, गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून लुमेनच्या आकड्याला मी भुलत नाही. हिशेब सोपा आहे. बरा एलईडी दिवा वॅटला साधारण १०० लुमेन देतो. ५००० लुमेन हवेत तर ५० वॅट पाहिजेत. त्या दिव्यात १८६५० चा (बोटाएवढा गोल, चार्ज होणारा) एकच सेल. चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही १२-१३ वॅट-अवर (एक वॅट-अवर म्हणजे एक वॅट तासभर चालवणारी वीज) मावतात. म्हणजे खोक्यावरचं खरं मानलं तर पंधरा मिनिटांत दिवा विझायला हवा. माझा दोन तास चालायचा, म्हणजे खरे लुमेन किती ते तुम्हीच काढा. सेलवर '९९०० एमएएच' (सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिलेलं दिसलं तर दुकानातून सरळ बाहेर पडा. त्या आकाराच्या सेलची मजल ३५०० च्या आसपास संपते.

आपल्याला उजेड किती लागतो? ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७ मीटर. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात दहा मीटर गेले. ब्रेक लागून थांबायला कोरड्या डांबरावर सहा-सात मीटर, ओल्यात किंवा खडीवर बारा. म्हणजे पुढचा पंचवीस-तीस मीटर रस्ता नीट दिसला की झालं. त्याला खरे ४००-५०० लुमेन पुरतात, म्हणजे ४-५ वॅट. फक्त ते सगळे रस्त्यावर पडले पाहिजेत. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा असा नियमच आहे, त्यामुळे तिथला साधा दिवासुद्धा आपल्याकडच्या '५०००' वाल्यापेक्षा जास्त रस्ता दाखवतो. ते दिवे आपल्या बजेटमध्ये बसत नाहीत, पण दुकानात काय बघायचं ते त्यावरून कळतं. दिवा भिंतीवर मारायला सांगा. गोल वाटोळा डाग पडला तर टॉर्च समजा. वरची कड सरळ, कापल्यासारखी आणि उजेड तिच्या खाली पसरलेला असेल तर तो रस्त्याचा दिवा.

आता करंटचं. तुमच्या बुडाखाली बॅटरी असताना वेगळा चार्जिंगचा दिवा कशाला? ३६ व्होल्ट १० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर. ६ वॅटचा दिवा तासभर जाळला तर दोन टक्केसुद्धा जात नाहीत. रेंज कमी होईल ही भीती सोडा.

पण इथंच माझे उरलेले साडेसहाशे जळाले. मोटरसायकलचा १२ व्होल्टचा फॉगलाइट आणला, ओळखीचा एक जण म्हणाला 'एलईडी हाय, चालतंय', आणि थेट बॅटरीला जोडला. ३६ ची बॅटरी फुल चार्जला ४२ व्होल्ट देते. टक् असा आवाज आला, मग वास. त्यावर त्याच माणसाचा दुसरा सल्ला: बॅटरीचा पॅक उघडून तीन सेलवरून १२ व्होल्ट काढू. हे मात्र चुकूनही करू नका. पॅकमध्ये दहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातले तीनच रोज जास्त उतरले की पॅकचा तोल जातो, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) लवकर कट मारायला लागतो आणि आठ-दहा हजारांची बॅटरी दिव्यापायी जाते.

सरळ मार्ग दोन. फक्त हेडलाइटच हवा असेल तर ई-स्कूटरसाठी येणारा '१२-८० व्होल्ट' छापलेला दिवा घ्या. तो थेट पॅकच्या व्होल्टेजवर चालतो, मधे काही लागत नाही. हॉर्न आणि मागचा दिवाही लावायचा असेल तर ३६ चं १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, ई-रिक्षाचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतो. मला तो तीनशेला पडला, त्यावर साडेचारशेचा १२ व्होल्टचा सपाट झोताचा दिवा. तीन वर्षं झाली, चालू आहे. कन्व्हर्टरच्या आधी स्विच ठेवा, नंतर नको. दिवा बंद असला तरी कन्व्हर्टर थोडं थोडं पीत राहतो. मी गावाला आठ दिवस जाऊन आलो तर बॅटरी निम्म्याच्या खाली. आणि बॅटरीच्या तोंडाशी दोन अँपिअरचा फ्यूज घाला. दहा रुपयांचं काम आहे, पण फ्रेमला घासून वायर सोलली तर तोच वाचवतो.

प्रत्येक वेळी स्विच दाबला की हाय, लो, फ्लॅश असं फिरणारा दिवा घेऊ नका. खड्ड्यात स्विचचा संपर्क हलतो आणि भर अंधारात दिवा डोळे मिचकावायला लागतो. रंगही निळसर पांढरा नको. पावसात समोर पडदा टांगल्यासारखं होतं. किंचित पिवळट, ४०००-५००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की निळसर) असेल तर ओला खड्डा आणि ओलं डांबर वेगळं कळतं. अंगाला हात लावून बघा, ॲल्युमिनियमच हवं, प्लॅस्टिकमध्ये एलईडी तापून मंद होतो. आमच्याकडच्या पावसाला आयपीएक्स ६ (पाण्याच्या जोरदार माऱ्यातही टिकणारा) लिहिलेला बरा. तरीही वायर दिव्यात शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं, आत जात नाही.

बसवायचा कुठं? बहुतेक जण हँडलवर लावतात. मी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) डोक्यावर, मडगार्डच्या बोल्टला लावलाय. दिवा जितका खाली तितकी खड्ड्याची सावली लांब पडते. हँडलवरून सपाट दिसणारा खड्डा खालून काळ्या तोंडाचा दिसतो. पुढं बास्केट असेल तर अर्थात हँडलशिवाय इलाज नाही. मग सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, दिव्याची उंची भिंतीवर खडूनं मांडा आणि झोताची वरची कड त्या खुणेच्या १५ सेंटीमीटर खाली येईल असा बोल्ट कसा. दिवा ८० सेंटीमीटर उंचीवर असेल तर उजेड साधारण सत्तावीस मीटरपर्यंत पोचतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही.

कुणाकडं पेट्रोल इंजिनवालं किट असेल तर इंजिनातून निघणाऱ्या पांढऱ्या वायरवर दिव्यासाठी भिस्त ठेवू नका, त्यातून जेमतेम ३ वॅट मिळतात. तिथं वेगळी बॅटरीच बरी. शिवाय २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक सायकलला जी आरटीओची सूट आहे, ती इंजिनाला लागू नाही, पोलिसानं धरलं तर दिव्याचा प्रश्न नंतर येतो.

म्हणजे तुमच्या हजारात १२-८० व्होल्टचा ६ ते १० वॅटचा दिवा, फ्यूज, स्विच आणि शंभर-दीडशेचा मागचा लाल दिवा बसेल. मागचा दिवा त्याच वायरवर लावू नका, तो बहुधा १२ व्होल्टचा किंवा सेलवरचा असतो. खरेदीला जायच्या आधी किटच्या जुन्या दिव्याचं कनेक्टर काढून त्यावर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. चाळीसच्या आसपास दाखवलं तर नवा दिवा तिथंच जोडता येईल, ६ किंवा १२ दाखवलं तर बॅटरीवरून वेगळी वायर ओढावी लागेल. आकडा कमेंटमध्ये टाका, कुठली वायर कुठं जोडायची ते लिहितो.