अमेरिकेत एफ-१ वर (म्हणजे विद्यार्थी व्हिसावर) आहेस आणि इथल्या सिटिझनशी लग्न ठरलंय? आधी एवढं बघ

अगं, आधी घाबरणं सोड, लग्न खरं असेल तर यात लपवण्यासारखं काही नाही, मीही देवगडहून एफ-१ वरच आलेले.

सगळ्यात जास्त जण चुकतात ते प्रवासात. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरला की अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही म्हणजे नाही, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. मला गणपतीला घरी जायचं होतं, जीव तुटला पण नाही गेले. आणि उलटंही, लग्न गावी करून इथे कायमचं राहायच्या विचाराने परत एफ-१ वर शिरायचं, असं करू नकोस, तो व्हिसा शिकून परत जाणाऱ्यांसाठी असतो आणि तिथे खोटं बोललं तर ते आयुष्यभर नडू शकतं.

कॉलेज सोडू नकोस, ग्रीन कार्ड येईपर्यंत फुल टाइम चालू ठेव. अर्ज भरला म्हणजे बाहेर नोकरीची परवानगी मिळाली असंही नाही, त्याचं कार्ड वेगळं येतं.

जन्मदाखला आजच घरी बघायला सांग! माझ्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा होता, आईने भर पावसात ग्रामपंचायतीत चार खेपा घातल्या तेव्हा नाव चढलं. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र लागतं.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, बँक खातं दोघांच्या नावावर करत जा. आय-७५१ (दोन वर्षांच्या ग्रीन कार्डावरची अट काढायचा फॉर्म) वगैरे नंतर बघू, पण फॉर्म पाठवायच्या आधी एकदा इमिग्रेशन वकिलाला दाखवच.